केप कॉड पॉलिशिंग क्लॉथ : पोलादी घड्याळावरच्या बारीक चऱ्यांसाठी

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातले केप कॉड पॉलिशिंग क्लॉथ हे घड्याळांच्या शौकिनांमध्ये बऱ्याच वर्षांपासून वापरले जाणारे उत्पादन आहे. चांदी, सोने, पितळ, पोलाद अशा सगळ्याच धातूंसाठी ते विकले जात असले, तरी आपल्याकडे ते मागवणाऱ्यांपैकी अनेकांच्या मनात असते ते मनगटावरचे महागडे घड्याळ आणि त्यावर पडलेले, उजेडात धरले की डोळ्यांत खुपणारे बारीक चरे. वस्तू अगदी साधी आहे. चंदेरी पाकीट फोडले की आतून तेलकट ओलावा असलेले सुती कापड निघते. त्याला व्हॅनिलाचा वास येतो. त्याखाली पॉलिशचा म्हणून जो एक उग्र वास असतो, तो मात्र पूर्णपणे झाकला जात नाही. कापडातच अतिशय बारीक घर्षक मुरवलेला असल्यामुळे वेगळी पेस्ट किंवा यंत्र लागत नाही.

मी हे कापड वापरले ते रोलेक्सच्या पोलादी डेटजस्टवर. हे मॉडेल १९४५ सालापासून बाजारात आहे आणि माझ्याकडचे ३६ मिलिमीटरचे, गुळगुळीत बेझलचे (काचेभोवतीच्या कड्याचे), ऑयस्टर ब्रेसलेटचे (धातूच्या कड्यांच्या पट्ट्याचे) आहे. या परीक्षणासाठी ते सोयीचे ठरते, कारण दोन वेगळ्या प्रकारची पृष्ठे त्यावर शेजारीशेजारी आहेत. बेझल, केसच्या (घड्याळाच्या धातूच्या बाहेरच्या कवचाच्या) बाजू आणि ब्रेसलेटच्या मधल्या कड्या आरशासारख्या पॉलिश केलेल्या आहेत, तर दोन्हीकडच्या बाहेरच्या कड्यांच्या माथ्यावर एकाच दिशेने जाणाऱ्या बारीक रेषांचे, म्हणजे ब्रश्ड फिनिश आहे. रोलेक्स १९८५ पासून वापरत आलेले ९०४एल पोलाद गंजाला दाद देत नाही आणि त्याला चकाकीही उत्तम येते. परंतु चरे पडण्याच्या बाबतीत ते इतर कंपन्यांच्या ३१६एल पोलादापेक्षा फारसे वेगळे नाही. धुळीत असलेले वाळूचे कण, म्हणजे क्वार्ट्झ, मोह्सच्या मोजपट्टीवर ७ इतके कठीण असतात. पोलाद त्याहून मऊ असल्यामुळे शर्टाच्या बाहीत अडकलेली धूळसुद्धा चरे पाडण्याचे काम रोज थोडेथोडे करीत असते. त्यात लॅपटॉपच्या कडेवर क्लास्प, म्हणजे ब्रेसलेट बंद करायची कडी, टेकवून तासन्‌तास काम करण्याची सवय असेल, तर क्लास्पची मधली चकचकीत पट्टी काही महिन्यांतच धुरकट दिसू लागते.

हाच वाळूचा कण पॉलिश करताना कापडाखाली आला, तर जुने चरे जाण्याऐवजी नवे पडतात. म्हणून घड्याळ आधी नीट धुणे हा या कामाचा निम्मा भाग आहे. चावी पूर्ण आवळलेली आहे आणि घड्याळाची पाणी रोखण्याची क्षमता शाबूत आहे याची खात्री असेल, तरच ते कोमट पाण्यात सौम्य साबण व लहान मुलांच्या मऊ टूथब्रशने धुवावे. जुन्या घड्याळाच्या बाबतीत ब्रेसलेट काढून तेवढेच धुतलेले बरे. त्यानंतर ज्या भागांना कापड लागू द्यायचे नाही, ते मास्किंग टेपने झाकावे लागतात. ऑयस्टर ब्रेसलेटवर हे काम चिकाटीचे आहे. टेपची कड बाहेरच्या कडीच्या अगदी काठाशी बसवून नखाने दाबत न्यावी लागते, आणि कड्या हलत्या असल्यामुळे वाकवल्यावर ती सुटते. ब्रेसलेट टेबलावर सपाट ताणून चिकटवले की हा त्रास पुष्कळ कमी होतो.

प्रत्यक्ष पॉलिशसाठी पूर्ण कापड वापरण्याची गरज नाही. कात्रीने बोटभर तुकडा कापून घ्यावा आणि उरलेले कापड लगेच हवाबंद बरणीत ठेवावे. बेझलसारख्या गोलसर भागावर तुकडा बोटाला गुंडाळून अगदी हलक्या दाबाने फिरवला की पहिल्या काही फेऱ्यांतच तो काळा पडतो. हा काळेपणा मळाचा नसून मुख्यतः घासून निघालेल्या धातूचा असतो, हे लक्षात आले की हात आपोआप हलका होतो. क्लास्पच्या सपाट पट्टीसाठी मी तुकडा कुल्फीच्या काडीला ताणून गुंडाळला, कारण बोट मऊ असते, ते कडेपाशी घसरते आणि तिथे दाब वाढून कड गोलावते. काडी सपाट राहते. मिनिटभर घासून, कोरड्या मायक्रोफायबरने पुसून, खिडकीजवळच्या तिरप्या उजेडात पाहायचे, आणि गरज वाटली तरच पुन्हा घासायचे, या क्रमाने ती धुरकट पट्टी स्वच्छ झाली. आधी दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसणारे चरे गेले आणि दिव्याचे प्रतिबिंब सलग दिसू लागले. दोन चरे मात्र तसेच राहिले, आणि ते राहणार हे सुरुवातीलाच कळले होते.

ते कसे कळते, हे या कापडाच्या कोणत्याही खरेदीदाराने आधी समजून घ्यावे. चऱ्यावरून आडवे नख फिरवावे. नख अडकले नाही, तर तो चरा या कापडाच्या आवाक्यातला आहे. अडकले, तर नाही. कापड चरा भरून काढत नाही, ते त्याच्या भोवतीचा धातू कमी करते. वरवरच्या चऱ्याच्या काठांची धार बोथट झाली की त्यावरून प्रकाश विखुरणे थांबते आणि चरा नाहीसा झाल्यासारखा वाटतो. खोल चरा घालवायचा, तर त्याच्या तळापर्यंतचा सगळा धातू उतरवावा लागेल, किंवा निष्णात कारागीर करतात तसे लेझर वेल्डिंगने धातू भरून पृष्ठ नव्याने घडवावे लागेल. तासभर घासूनही खोल चरा गेला नाही अशी जी तक्रार या कापडाबद्दल केली जाते, ती माझ्या मते त्याची सर्वांत चांगली शिफारस आहे. घरच्या घरी, सरावाशिवाय वापरायच्या वस्तूने यापेक्षा जास्त धातू काढूच नये.

ब्रश्ड भागावर हे कापड अजिबात फिरवू नये. तिथल्या रेषा हेच तिथले फिनिश असते. कापड त्या रेषा पुसून टाकते आणि मॅट पृष्ठावर चमकदार डाग उमटतो, जो मूळ चऱ्यापेक्षा अधिक वाईट दिसतो. त्यासाठी घर्षक पॅड किंवा काचतंतूंचा ब्रश एकाच दिशेने ओढण्याची पद्धत आहे, पण तो निराळा विषय आहे.

मुलामा आणि लेप यांच्या बाबतीत तर कापडाचा सौम्यपणाही कामी येत नाही. सोन्याचा मुलामा मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत, मोजला जातो. तिथे घासणे म्हणजे मुलामाच उतरवणे. १८ कॅरटच्या भरीव सोन्याचे तसे नाही, पण ते पोलादापेक्षा मऊ असल्यामुळे चकाकी लवकर येते आणि धातूही लवकर जातो. काळ्या पीव्हीडी किंवा डीएलसी लेपाच्या, म्हणजे धातूवर अतिपातळ काळा थर चढवलेल्या, घड्याळावर हे कापड नेऊ नये. सिरॅमिक बेझलवर आणि सफायर काचेवर त्याचा उपयोग नाही. सफायरवर बाहेरून परावर्तनरोधक लेप असेल, तर नुकसानच होण्याची शक्यता जास्त. मराठी घरांतून आजही जपून ठेवलेली एचएमटीची जुनी घड्याळे हा यातला वेगळा आणि महत्त्वाचा प्रकार आहे. बंगळुरूच्या कारखान्यात १९६१ पासून सिटिझनच्या सहकार्याने सुरू झालेल्या या घड्याळांपैकी ‘जनता’सारख्या अनेकांची केस पोलादाची नसून पितळेवर क्रोमचा मुलामा दिलेली असते. लगच्या, म्हणजे पट्टा जिथे जोडतात त्या केसच्या टोकांच्या, कोपऱ्यांवर मुलामा आधीच विरलेला असतो, आणि आजोबांचे घड्याळ चमकवण्याच्या उत्साहात तिथे कापड फिरवले की खालचे पिवळे पितळ उघडे पडते. त्याच्या ॲक्रिलिक काचेसाठी स्वतंत्र पेस्ट मिळते, ती घ्यावी.

या कापडाला पर्याय म्हणून आपल्या शहरांत सहज उपलब्ध असते ते बफिंगचे, म्हणजे फिरत्या चाकावर चमकवण्याचे, यंत्र. एका दुकानातून असे बफ करून आलेले परिचितांचे ओमेगा मी जवळून पाहिले आहे. चमक डोळे दिपवणारी होती. पण लगच्या वरचा ब्रश्ड माथा आणि बाजूचा पॉलिश केलेला भाग यांच्यामधली जी धारदार रेषा असते, ती पार विरघळून गेली होती, आणि मागच्या झाकणावरची अक्षरे उथळ झाली होती. फिरत्या चाकावर हे व्हायला काही सेकंद पुरतात. जुन्या घड्याळांच्या बाजारात ज्याच्या कडा मूळच्या आहेत आणि ज्याला कधी पॉलिश झालेले नाही, त्या घड्याळाला जास्त किंमत मिळते ती याचमुळे. अशा संग्राह्य घड्याळाला तर केप कॉडही लावू नये, चरे राहू द्यावेत. कंपनीच्या अधिकृत केंद्रात पूर्ण सर्व्हिसच्या वेळी पॉलिश करून घेता येते आणि ते काम अर्थातच वेगळ्या दर्जाचे असते, मात्र पॉलिश नको असेल, तर घड्याळ देतानाच तसे लिहून द्यावे.

कापड आयात केलेले असल्यामुळे विक्रेत्यागणिक किंमत बदलते. घड्याळाच्या सर्व्हिसच्या खर्चापुढे ती नगण्य आहे. वापरताना हातमोजे घालावेत, कारण बोटांवरचा काळा थर साबणाच्या एका धुण्यात निघत नाही. पॉलिशनंतर कड्यांच्या फटींत राहिलेली काळी लगदी टूथब्रशने काढावी, नाहीतर ती पुढे कित्येक दिवस शर्टाच्या कफावर उतरत राहते. कापड धातूवर संरक्षक थर ठेवते असा निर्मात्यांचा दावा आहे. तो चांदी-पितळेच्या बाबतीत उपयोगाचा असला, तरी न गंजणाऱ्या पोलादाला त्याची मातब्बरी नाही, आणि चरे तर त्याने अडतच नाहीत. दुसऱ्याच आठवड्यात क्लास्पवर पहिला नवा चरा दिसला. दर महिन्याला हे काम काढू नये, असेच मी म्हणेन. वर्षा-दोन वर्षांतून एकदा, तेही क्लास्प आणि बेझल एवढ्यापुरतेच, पुरेसे आहे. एवढ्या बेताने वापरले, तर एक पाकीट पुष्कळ काळ पुरते, फक्त उघडलेले कापड झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवावे, कारण साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत त्याचा ओलावा हळूहळू उडतो. कोरडे पडलेले तुकडेही टाकू नयेत. देवघरातली चांदीची निरांजने आणि ताम्हन त्यांनी उत्तम उजळतात.