एक्सपांडरची विचारपूस: एसएमपी युटिल्स

शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीच्या सर्व्हरचे काम माझ्याकडे आहे. कास्टिंगची ड्रॉइंग ज्या २४ डिस्कच्या पेटीत साठवलेली आहेत, तिच्यातील कधी सहावी तर कधी एकोणिसावी डिस्क मे महिन्यात अधूनमधून गायब होऊ लागली आणि पुरवठादाराच्या सल्ल्याने दोन नव्या डिस्क घालूनही तक्रार तशीच राहिली. शेवटी डग्लस गिल्बर्ट यांनी लिहिलेले एसएमपी युटिल्स हे मोफत साधन लिनक्सवर चालवून पाहिले.

सर्व्हरमधील डिस्क जोडण्याचे कार्ड आणि डिस्क यांच्या मध्ये सॅस (सर्व्हरच्या डिस्क जोडण्याची एक पद्धत) एक्सपांडर असतो व कार्डाच्या मोजक्या वाहिन्या तो सर्व डिस्कना वाटून देतो. डिस्कची प्रकृती स्मार्टसीटीएल ही कमांड सांगते. एक्सपांडरच्या जोडण्यांची चौकशी मात्र एसएमपी (सिरियल मॅनेजमेंट प्रोटोकॉल) या संवादाच्या ठरलेल्या पद्धतीने करावी लागते. डेबियन आणि उबुंटूत पॅकेज तयार मिळते, ते चालवायला रूटचे, म्हणजे मुख्य प्रशासकाचे, अधिकार लागतात. एक्सपांडरचा पत्ता देऊन डिस्कव्हर कमांड दिली, की प्रत्येक जोडलेल्या फायची, म्हणजे जोडणीच्या एकेका टोकाची, एक ओळ उमटते: क्रमांक, पलीकडच्या उपकरणाचा पत्ता आणि वेग. आमच्याकडे कार्डाकडे जाणाऱ्या चार फायपैकी तीन सहा गिगाबिटवर होते, चौथा मात्र तीनवर अडकलेला होता.

प्रत्येक फायच्या एरर लॉगमध्ये, म्हणजे चुकांच्या नोंदीत, चार आकडे असतात. त्यांतील सिंक (दोन्ही टोकांचा मेळ) सुटल्याचा आकडा नुसती डिस्क काढून घातली तरी वाढतो, म्हणून एकदाच वाचून निदान करू नये. मी चहाला जाण्यापूर्वी आणि आल्यावर असे दोनदा वाचन केले. तेवढ्यात चौथ्या फायच्या इनव्हॅलिड डीवर्डचा, म्हणजे बिघडून पोचलेल्या माहितीच्या तुकड्यांचा, आकडा २१२ वरून ३४० वर गेला होता, बाकीच्या तीन फायचा जागचा हललाही नव्हता. केबल बदलताच चौथा फाय सहावर आला.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. एक्सपांडर फक्त त्याच्याकडे येणाऱ्या सिग्नलमधील चुका मोजतो. उलट दिशेच्या चुका कार्डाच्या बाजूला, सिसएफएसमध्ये (लिनक्स यंत्राची माहिती जिथे फाइलींच्या रूपात दाखवते तिथे) शोधाव्या लागतात, हे नवख्याच्या लक्षात येत नाही. शिवाय निव्वळ माहिती देणाऱ्या कमांडच्या पंगतीतच फाय कंट्रोल ही फाय बंद किंवा रीसेट करणारी कमांड बसवलेली आहे, आणि तिच्यात फायचा क्रमांक चुकला तर चालू डिस्क बंद पडू शकते, ‘नक्की का?’ असे ती विचारतही नाही. मॅन्युअल पाने मात्र बारकाईने लिहिलेली आहेत, ती आधी वाचावीत.

काढून ठेवलेल्या दोन्ही डिस्क नंतर तपासल्या, तेव्हा त्या ठणठणीत निघाल्या. नव्या डिस्कच्या बिलाबाबत पुरवठादाराला लिहिलेल्या पत्राचे उत्तर अजून आलेले नाही.