यामाहा एचएस५: एका चवथीपासून दुसऱ्या चवथीपर्यंत

एचएस५ हे मिक्स करण्यासाठीचे, म्हणजे रेकॉर्ड केलेले वेगवेगळे आवाज एकत्र जुळवण्यासाठीचे, स्टुडिओ स्पीकर. स्पेक्स सगळ्यांना पाठ आहेत, त्यामुळे उरकून टाकतो. पाच इंची वूफर (खालच्या आवाजांसाठी), एक इंची ट्वीटर (वरच्या आवाजांसाठी), ४५ आणि २५ वॉटचे दोन ॲम्प, बेसचा पोर्ट, म्हणजे हवेचं भोक, मागच्या बाजूला. वूफरचा पांढरा कोन (पुढचा पडदा) बघून यामाहाच्याच जुन्या एनएस-१० स्पीकरांची आठवण होते, पण ते १९७८ चे आणि बंद डब्याचे, हे २०१३ चे आणि पोर्टवाले. रंगापलीकडे फारसं नातं नाही. जोडी घ्यावी का, असं कोणी विचारलं तर मी बिनदिक्कत हो म्हणतो, आणि त्याचं जवळजवळ सगळं श्रेय पाठीमागच्या 'रूम कंट्रोल' या इवल्याशा स्विचला देतो. बाकीच्यांच्या परीक्षणांत त्याला जेमतेम एक ओळ मिळते. इथे त्याच्यावरच जास्त लिहिणार आहे.

माझी खोली गोव्यात, फोंडा तालुक्यातल्या जुन्या घरातली. चिऱ्याच्या जाड भिंती, वर मंगळुरी कौलं, लांबी साडेतीन मीटर, रुंदी तीन. काम बहुतेक चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, घुमट आरत्यांचं आणि भजनांचं. घुमट ज्यांनी कधी मिक्स केलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: मातीचं भांडं, मोठ्या तोंडावर चामडं, दुसरं तोंड उघडं. एका हाताने चामड्यावर थाप मारायची आणि दुसऱ्या तळव्याने उघडं तोंड झाकत-उघडत घुमारा वळवायचा. आरतीतला बेस म्हणजे हा घुमारा. माझ्याकडच्या रेकॉर्डिंगांत त्याचा जोर बहुतेक वेळा १२० ते १५० हर्ट्झच्या पट्ट्यात दिसतो, भांडं मोठं असलं की आणखी खाली जातो. सोबतचं तालवाद्य शामेळ, ती दोन काड्यांनी वाजते, तिचा ठोका कडक. कांसाळ्यांचा, म्हणजे टाळांचा, झणकार वरचा सगळा पट्टा खाऊन टाकतो. आणि या सगळ्याच्या मधोमध पंधरा-वीस गळे. शब्द सगळ्यांना तोंडपाठ असतात, तरी एक शब्द बुडाला की वाड्यावरची जुनी माणसं लगेच बोट ठेवतात, आणि ते बरोबरच आहे. आरती शब्दांसाठीच म्हणतात.

आता स्विच. त्याला तीन जागा आहेत: शून्य, उणे दोन, उणे चार डेसिबल. ५०० हर्ट्झच्या खालचा भाग तेवढा उतरतो. एवढंच. त्यामुळे बहुतेक जण त्याला 'बेस कमी करायचं बटण' समजून सोडून देतात. माझ्या खोलीत त्याचं काम वेगळंच निघालं.

सगळीकडे सल्ला असतो की मागचा पोर्ट असलेले स्पीकर भिंतीपासून लांब ठेवा. तसे ठेवले होते, वूफरच्या कोनापासून मागची भिंत साधारण साठ सेंटिमीटर. त्या जागेवर घुमट पोकळ लागायचं. थाप ऐकू यायची, घुमारा गायब. ईक्यूवर (एखादा पट्टा कमी-जास्त करायच्या साधनावर) १४० हर्ट्झ उचललं की खोलीत बरं वाटायचं, आणि तेच मिक्स गाडीत लावलं की दारं थरथरायची. कारण हिशेबाचं आहे. स्पीकरमधून मागे गेलेला बेस भिंतीवर आपटून परत येतो आणि ज्या लहरीच्या लांबीचा पाव भाग त्या अंतराएवढा असतो, ती लहर उलटी होऊन पुढच्या आवाजाला खाते. आवाजाचा वेग सेकंदाला ३४५ मीटरच्या आसपास धरा, त्याला चारपट अंतराने भागा: साठ सेंटिमीटरला उत्तर येतं १४४ हर्ट्झ. नेमका घुमटाचा घुमारा! मोठ्या स्टुडिओत स्पीकर आणखी दीड-दोन मीटर पुढे नेता येतात आणि हा खड्डा, म्हणजे खाल्ला गेलेला पट्टा, खूप खाली जातो. तीन मीटरच्या खोलीत पुढे न्यायचे कुठे, माझ्या मांडीवर?

म्हणून उलट केलं. स्पीकर मागे सरकवले, पोर्टला श्वास घ्यायला दहा-बारा सेंटिमीटर सोडले. कोनापासून भिंत चौतीसेक सेंटिमीटरवर आली, खड्डा २५० च्या वर सरकला. भिंत जवळ आली की बेस फुगतो, तो स्विचने उणे चारवर उतरवला. घुमट पहिल्यांदा घुमटासारखं ऐकू आलं. स्विचचं खरं मोल हे आहे: तो स्पीकर भिंतीशी नेण्याची मुभा देतो, आणि लहान खोलीत तीच मुभा सगळ्यात महत्त्वाची.

२५० चा खड्डा उरतोच, पण तो भरणं स्वस्त आहे. तेवढ्या लहरीला दहा सेंटिमीटर जाडीचं रॉकवूल (दगडी तंतूंची लोकर) बऱ्यापैकी शोषतं. १४० ला जवळजवळ दुप्पट जाडी लागली असती. एसी डक्टचं काम करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे उरलेले तुकडे पडून होते, सुताराकडून फळ्यांची चौकट करून घेतली, वर सुती कापड. गोव्यात एक काळजी घ्या: पॅनेल भिंतीला चिकटवू नका, दोन बोटं फट ठेवा. पावसात चिऱ्याला ओल येते आणि कापडावर आठवड्यात बुरशी धरते.

(इथून पुढचं पावसाळ्यानंतर लिहितोय. वर उणे चारची तारीफ केली आहे, ती आता तशीच राहिलेली नाही.)

पॅनेलं लागल्यावर उणे चार फार होऊ लागलं. माणसांचे आवाज पातळ लागायचे, म्हणून मी नकळत २०० च्या आसपास भर घालायचो आणि मंडळाच्या लोकांना फोनवर सगळं गुबगुबीत ऐकू यायचं. आता स्विच उणे दोनवर आहे आणि तिथेच राहील असं वाटतं. तुमच्या खोलीत कोणता आकडा बसेल हे मी सांगू शकणार नाही. पण चांगलं मिक्स झालेलं, रोज ऐकलेलं एक गाणं लावा, स्विच फिरवा, आणि बेस गिटारचा प्रत्येक सूर सारख्याच जोरात येतो का ते बघा. एखादाच सूर उडी मारत असेल तर आधी स्पीकर हलवा, मग स्विचला हात लावा.

ठोक्याबद्दल. ठोका म्हणजे बेस वाढवणं, हा समज घुमटाच्या बाबतीत फार नडतो. थापेची धार दोन ते चार हजार हर्ट्झमध्ये असते आणि वजन खाली. कॉम्प्रेसर म्हणजे जोराचा आवाज दाबणारं साधन. त्याचा अटॅक, म्हणजे दाब पूर्ण लागेपर्यंतचा वेळ, पाच-दहा मिलिसेकंद ठेवला की धार चिरडली जाते, मग फेडर (आवाज वर-खाली करायची पट्टी) कितीही वर न्या, घुमट मागेच. मी अटॅक तीसच्या आसपास ठेवतो, रेशो (दाबण्याचं प्रमाण) तीनास एक, आणि रिलीज (दाब सोडायचा वेळ) असा की पुढची थाप पडायच्या आत सुई जागेवर आलेली असावी. आरती शेवटी चढत्या लयीत जाते, तिथे रिलीज आणखी आखूड करावा लागतो. एकच आकडा पूर्ण आरतीला पुरत नाही. हे बदल एचएस५ वर लख्ख ऐकू येतात. दहा आणि तीसमधला फरक मला माझ्या आधीच्या मल्टिमीडिया स्पीकरांवर कधीच ऐकू आला नव्हता.

एक गोष्ट जी या स्पीकरांनीच दाखवली. घुमटाला दोन माइक लावत असाल, एक चामड्यावर आणि एक उघड्या तोंडाशी, तर एकाची पोलॅरिटी (लहरीची दिशा) उलटी करून ऐका. थापेने चामडं आत दबतं तेव्हा समोरच्या माइकवरची हवा ओढली जाते आणि त्याच क्षणी दुसऱ्या तोंडातून हवा बाहेर ढकलली जाते. म्हणजे दोन माइक एकमेकांच्या विरुद्ध बोलतात. दोन्ही सरळ मिसळले की खालचा आवाज एकमेकांना खातो. एका चॅनलवरचं बटण दाबलं आणि घुमारा कोणत्याही ईक्यूशिवाय परत आला, खोलीत बसलेल्या घुमटवाल्या काकांनी मान वर केली. त्यानंतर मी तिथला ईक्यू काढूनच टाकला.

स्पष्टपणा कमी पडला की हात आपोआप आवाजांच्या फेडरकडे जातो. मी आधी कांसाळी खाली घेतो. शब्दांतली व्यंजनं दोन ते पाच हजारांत असतात, कांसाळी तिथेच झाकण घालतात. ती दोन डेसिबल उतरली की 'त', 'क', 'च' आपसूक वर येतात. मग गळ्यांना १०० च्या खालचं कापणारा हाय-पास, आणि ३०० च्या आसपास दोन-तीन डेसिबलची कपात. तिथे वीस माणसांच्या छातीचा आवाज आणि खोलीचा घुमणारा आवाज एकत्र साठतो. घुमटातून मात्र ३०० काढू नका. फोनचा स्पीकर १४० वाजवतच नाही. घुमटाचे २८० आणि ४२० चे हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर) वाजवतो आणि ते ऐकून कान खालचा सूर स्वतः भरून काढतो. म्हणून घुमटावर थोडं सॅच्युरेशन, म्हणजे हे वरचे सूर वाढवणारी हलकी विकृती, देतो. एका मंडळाचे दादा पूर्वी दर वेळी फोनवर ऐकून विचारायचे, "घुमट खंय गेलें?" यंदाच्या चवथीला विचारलं नाही.

ऐकायचा आवाज हळू ठेवा, समोरच्याशी सहज बोलता येईल एवढा. हळू आवाजात कानाला बेस कमी लागतो हे खरं, म्हणून अधूनमधून दोन मिनिटं वाढवून तपासतो. पण दिवसभर मोठ्याने ऐकलं की सगळंच दमदार वाटतं आणि निर्णय फसतात. जोराच्या पावसात कौलांखाली हे शक्यच नाही. तेव्हा मी मिक्स करत नाही, संपादन करतो.

खालच्या मर्यादेबद्दल: कंपनीच ५४ हर्ट्झ सांगते आणि तोही उणे दहा डेसिबलवर, म्हणजे कागदावरचा. ५० च्या खालचा सिंथ बेस यावर ठरवता येत नाही. तो मी स्पेक्ट्रम मीटरवर बघतो आणि हेडफोनवर ऐकतो. ज्या दुकानातून बाकीचं सामान घेतलं तिथे सबवूफरचा, म्हणजे फक्त खोल बेसच्या वेगळ्या स्पीकरचा, फार आग्रह झाला. याच मालिकेतला एचएस८एस २२ हर्ट्झपर्यंत जातो, वस्तू चांगली आहे, मोठी खोली असती तर विचार केला असता. पण साडेतीन मीटर लांबीच्या खोलीची स्वतःची घुमण्याची जागा ४९ हर्ट्झला येते. सब आणायचा म्हणजे पैसे देऊन तोच त्रास जागा करायचा. घुमट, पखवाज, तबला, हार्मोनियम करणाऱ्याने ते पैसे रॉकवूलमध्ये घालावेत आणि उरलेले घरी ठेवावेत.

त्याच दुकानाशी माझं भांडण चालू आहे ते केबलवरून. नाव लिहीत नाही. डाव्या स्पीकरमधून बारीक गुणगुण यायची. विजेची गुणगुण ५० हर्ट्झची, तिचे पडसाद १०० आणि १५० वर, म्हणजे घुमटाच्या दोन्ही अंगांना चिकटून. हळू आवाजात काम करणाऱ्याला ती बेसचा अंदाज घेऊ देत नाही. दुकानदार म्हणाला स्पीकर खराब आहे, सर्व्हिसला मुंबईला पाठवा, जाण्या-येण्याचा खर्च तुमचा. स्पीकरमध्ये काहीही दोष नव्हता. बिलावर 'बॅलन्स्ड' (दोन तारा आणि जाळी असलेली, गुणगुण अडवणारी) लिहिलेल्या केबलच्या जॅकवर काळी रिंग एकच होती. बॅलन्स्ड जॅकवर दोन असतात. टोपण उघडलं तर आत एक तार आणि जाळी, दुसरी तार नाहीच. फोंड्यातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून माइकच्या वायरची नवी केबल जोडून घेतली, गुणगुण त्याच संध्याकाळी थांबली. दुकान पैसे परत करायला तयार नाही, 'वापरलेला माल' म्हणतं. बिल आणि उघडलेल्या जॅकचा फोटो जोडून ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. तिचं काय झालं ते इथेच लिहीन. तोवर केबल घेताना जॅकवरच्या रिंगा मोजून घ्या.