बुलेटच्या बटणाशिवाय आठ महिने: वर्डमधल्या याद्या आणि इंडेंट मार्गी लावण्याचा अनुभव

आठ महिन्यांपूर्वी मी ठरवलं, की वर्डमध्ये मुद्दे लिहायचे असतील तर होम टॅबवरच्या बुलेटच्या बटणाला हात लावायचा नाही आणि रूलरवरचे, म्हणजे पानाच्या वरच्या मोजपट्टीवरचे, त्रिकोण ओढायचे नाहीत. यादी करायची ती फक्त स्टाइलने, म्हणजे फॉन्ट, अंतर वगैरे गोष्टींच्या नाव देऊन जपलेल्या संचाने. तेव्हापासून लहानमोठ्या बावीस फाइली अशा झाल्या, त्यांत सत्तर-ऐंशी पानांच्या प्रशिक्षण पुस्तिकाही आल्या. या पद्धतीने काय सुधारलं आणि कुठे अजून अडतं, ते सविस्तर लिहितो.

निमित्त एका पुस्तिकेचं. ती छापून हातात आली तेव्हा एकाच पानावर मजकुराच्या तीन डाव्या कडा दिसत होत्या. पहिल्या यादीतले मुद्दे समासाला चिकटलेले, दुसरीतले अर्धा सेंटिमीटर आत, तिसरीत बुलेट आणि मजकूर यांच्यामध्ये भलतीच मोकळी जागा. पडद्यावर हे मला जाणवलंच नव्हतं. दुरुस्तीला बसलो तेव्हा कळलं की प्रत्येक यादी वेगळ्या मार्गाने आत ढकललेली आहे. कुठे टॅब दाबलाय, कुठे स्पेसबार, कुठे रूलर ओढलाय, तर कुठे जुन्या फाइलमधून यादी उचलून चिकटवली आहे. तीनशेच्या वर मुद्दे एकेक करून सरळ करण्यात दोन दिवस गेले. एवढं करूनही पुढच्या आवृत्तीत तेच होणार हे दिसत होतं, म्हणून मुळाशी जायचं ठरवलं.

मूळ गोष्ट अशी, की मुद्द्याचं इंडेंट, म्हणजे मजकूर समासापासून किती आत सुरू होतो ते, तीन ठिकाणांहून येऊ शकतं. एक, परिच्छेदाच्या स्टाइलमधून. दुसरं, यादीच्या त्या पातळीच्या (मुद्दा, उपमुद्दा) व्याख्येतून. तिसरं, आपण त्या एका परिच्छेदावर हाताने केलेल्या बदलातून. हाताने केलेला बदल बाकी दोघांना झाकून टाकतो. रूलर ओढला की आपण हे तिसऱ्या प्रकारचं काम करत असतो, आणि ते त्या परिच्छेदापुरतंच राहतं. पुढच्या मुद्द्याला एंटर मारला की तोच बदल खाली उतरतो, पण वरच्या मुद्द्यांना त्याचा पत्ताही नसतो. एकाच यादीत दोन कडा तयार होतात त्या इथे.

रूलरवरच्या खुणाही मी अनेक वर्षं न समजता ओढत होतो. वरचा त्रिकोण पहिल्या ओळीचा, म्हणजे यादीत बुलेट कुठे बसेल त्याचा. खालचा त्रिकोण बाकीच्या ओळींचा, म्हणजे मजकुराच्या कडेचा. त्याखालचा छोटा चौकोन दोघांना एकत्र सरकवतो. या दोन त्रिकोणांमधलं अंतर म्हणजे हँगिंग इंडेंट. लांब मुद्द्याची दुसरी ओळ बुलेटच्या खाली न येता मजकुराखाली येते ती याच्यामुळे.

आता मी काय केलं ते. होम टॅबवर मल्टिलेव्हल लिस्टचं बटण आहे, त्यात सर्वांत खाली 'डिफाइन न्यू लिस्ट स्टाइल' असा पर्याय येतो. तिथे यादीला नाव दिलं, मग फॉरमॅटमधून नंबरिंग उघडलं आणि 'मोअर' दाबून पूर्ण खिडकी समोर आणली. डावीकडे एक ते नऊ पातळ्या दिसतात. मला तीनच लागतात. पहिल्या पातळीला 'लिंक लेव्हल टू स्टाइल'मध्ये 'लिस्ट बुलेट' जोडलं, दुसरीला 'लिस्ट बुलेट २', तिसरीला 'लिस्ट बुलेट ३'. या स्टाइल वर्डमध्ये आधीपासून असतात, नव्याने बनवाव्या लागत नाहीत. याच खिडकीत 'अलाइन्ड ॲट' म्हणजे बुलेटची जागा आणि 'टेक्स्ट इंडेंट ॲट' म्हणजे मजकुराची कड. पहिल्या पातळीला मी ० आणि ०.६ सेंटिमीटर दिले, दुसरीला ०.६ आणि १.२, तिसरीला १.२ आणि १.८. त्यामुळे उपमुद्द्याची बुलेट बरोबर वरच्या मुद्द्याच्या मजकुराखाली येते. पानावर नजर टाकली की कोणता मुद्दा कोणाच्या पोटात आहे हे वाचायच्या आधीच कळतं.

इथे एक पथ्य काटेकोरपणे पाळायला हवं. इंडेंटचे आकडे फक्त यादीच्या या खिडकीत बदलायचे. 'लिस्ट बुलेट' स्टाइलच्या पॅराग्राफ खिडकीतही इंडेंटचे रकाने असतात, पण तिकडे जायचं नाही. तिथे फॉन्ट आणि दोन मुद्द्यांमधलं अंतर ठरवायचं, बास. पहिल्या महिन्यात मी दोन्हीकडे आकडे भरले होते. एका जागी बदल केला की दुसरी जागा वेगळंच सांगायची, आणि गोंधळ जुन्यापेक्षा वाढला होता.

वर्डची मूळ यादी ०.६३ आणि १.२७ असे अडनिडे आकडे का दाखवते, हेही याच खटपटीत उलगडलं. ते पाव इंच आणि अर्धा इंच आहेत. डॉकएक्स, म्हणजे वर्डची नेहमीची फाइल, आतून झिप असते. तिची प्रत करून नावाच्या शेवटी झिप लिहिलं की ती उघडता येते, आणि आत नंबरिंग नावाची एक फाइल सापडते. त्यात ही मापं ट्विपमध्ये लिहिलेली असतात. १ इंच म्हणजे १४४० ट्विप, म्हणून पाव इंच ३६० आणि अर्धा इंच ७२०. माझ्या जुन्या पुस्तिकेत ही फाइल उघडली तेव्हा याद्यांच्या कितीतरी वेगवेगळ्या व्याख्या एकाखाली एक सापडल्या. दिसायला सगळ्या सारख्याच, पण प्रोग्रामच्या लेखी प्रत्येक स्वतंत्र. बटण दाबून आणि तुकडे चिकटवून मीच त्या जमवल्या होत्या. हे डोळ्यांनी पाहिल्यावर मनातली शंका गेली.

रोजच्या कामात फरक पडतो तो असा. मुद्दा लिहिताना मी कंट्रोल, शिफ्ट आणि एल दाबतो, 'लिस्ट बुलेट' लागते. ओळीच्या सुरुवातीला टॅब दाबला की उपमुद्दा, शिफ्ट टॅब दाबला की परत वर. पातळी बदलली की स्टाइलही आपोआप बदलते, कारण दोन्ही एकमेकांना जोडलेल्या आहेत. परवा एका पुस्तिकेत सगळे उपमुद्दे दोन मिलिमीटर आत घ्यायचे होते. दुसऱ्या पातळीचे दोन आकडे बदलले आणि बहात्तर पानं एका दमात सरळ झाली. आधी हेच काम दोन दिवसांचं होतं.

जुन्या, बिघडलेल्या फाइली दुरुस्त करताना माझा क्रम असा असतो. आधी कंट्रोल, शिफ्ट आणि ८ दाबून न छापल्या जाणाऱ्या खुणा दाखवायच्या. टॅब बाणासारखा दिसतो, स्पेस ठिपक्यासारखी. कुठे खरी यादी आहे आणि कुठे कोणी हाताने ठिपका टाइप करून स्पेसबारने ढकललंय हे लगेच उघडं पडतं. मग यादी निवडून कंट्रोल आणि क्यू. याने परिच्छेदावर हाताने केलेलं सगळं निघतं आणि मूळ स्टाइल उरते. त्यावर 'लिस्ट बुलेट' लावायची. एखादा परिच्छेद तरीही ऐकत नसेल तर शिफ्ट आणि एफ१ दाबायचं. उजवीकडे उघडणाऱ्या पट्टीत 'डिस्टिंग्विश स्टाइल सोर्स'ला खूण केली की इंडेंट कुठून आलंय ते दिसतं.

परिच्छेदाच्या शेवटच्या खुणेबद्दल कोणी आधी सांगितलं असतं तर माझे कित्येक तास वाचले असते. बुलेटचा रंग, आकार, ठळकपणा हा मुद्द्यातल्या मजकुरावरून ठरत नाही, तो शेवटच्या परिच्छेद-खुणेवरून ठरतो. मुद्द्याचा शेवटचा शब्द ठळक केला आणि त्यासोबत ती खूणही निवडली गेली, तर बुलेट किंवा क्रमांक ठळक होतो. यादीत एकच आकडा जाड किंवा लाल दिसत असेल तर खुणा दाखवा, फक्त ती शेवटची खूण निवडा आणि कंट्रोल स्पेस दाबा.

आपल्या लिपीत याचाच एक वेगळा त्रास आहे. देवनागरीसाठी वर्ड फॉन्ट आणि आकार वेगळा ठेवतो, फॉन्टच्या खिडकीत तो 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' या भागात दिसतो. मजकूर तिथल्या १४च्या मापाने चालतो आणि बुलेट मात्र लॅटिनसाठीच्या ११च्या मापाने, म्हणून ती बारीक आणि खाली बसलेली वाटते. स्टाइलमध्ये दोन्ही भागांत आकार विचारपूर्वक भरला की हे थांबतं. मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाने एवढं तरी करावं, अशी माझी मनापासून विनंती आहे.

बुलेटच्या जागी चौकोनी डबा दिसण्याचं कारणही फॉन्टच. वर्डची नेहमीची गोल बुलेट सिम्बॉल फॉन्टमधून येते. ज्या यंत्रावर तो फॉन्ट नाही किंवा त्याची जागा दुसऱ्या फॉन्टने घेतली, तिथे डबा येतो. मी यादीच्या व्याख्येतच साध्या फॉन्टमधला युनिकोडचा ठिपका घेतला, त्याचा सांकेतांक २०२२. त्यानंतर हा प्रकार माझ्या फाइलींत दिसलेला नाही.

क्रमांकांच्या याद्यांना थोडी वेगळी काळजी लागते. नऊपर्यंत सगळं सरळ असतं आणि दहाव्या मुद्द्याचा मजकूर एकदम उजवीकडे उडी मारतो. क्रमांक दोन अंकी झाला, ठेवलेल्या जागेत मावला नाही, म्हणून मजकूर पुढच्या टॅबच्या थांब्यावर गेला. क्रमांकांसाठी मी ०.६ ऐवजी ०.९ सेंटिमीटर जागा ठेवतो.

एका मुद्द्यात दोन परिच्छेद हवे असतील तर पूर्वी मी शिफ्ट एंटर मारायचो. मजकूर दोन्ही कडांना जुळवलेला असेल तर त्या तुटलेल्या ओळीतले शब्द ताणले जातात आणि मध्ये मोठ्या फटी पडतात. आता दुसऱ्या परिच्छेदाला 'लिस्ट कंटिन्यू' ही स्टाइल देतो. तिला बुलेट नसते. तिचं इंडेंट मात्र एकदा हाताने ०.६वर आणून ठेवावं लागतं, कारण ती यादीला जोडलेली नसते. वरचा पथ्याचा नियम इथे लागू होत नाही.

दोन मुद्द्यांमध्ये दिलेलं अंतर दिसतच नसेल, तर स्टाइलच्या पॅराग्राफ खिडकीत 'डोंट ॲड स्पेस बिटवीन पॅराग्राफ्स ऑफ द सेम स्टाइल' ही खूण लागलेली असते. ती काढा.

चिकटवण्याबद्दल मी सर्वांत कडक झालो आहे. बाहेरचा मजकूर आला की त्याच्यासोबत त्याच्या याद्यांच्या व्याख्याही येतात. ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्डखाली दुसऱ्या प्रोग्राममधून आणि दुसऱ्या फाइलमधून चिकटवताना काय करायचं ते ठरवता येतं. मी दोन्हीकडे 'कीप टेक्स्ट ओन्ली' ठेवलंय आणि तिथलीच बुलेट व क्रमांक जपण्याची खूण काढली आहे. मजकूर कोरा येतो, स्टाइल मी लावतो. लांब मजकुराला यात पाच-दहा मिनिटं जास्त जातात, पण ती वसूल होतात. ऑटोकरेक्टच्या खिडकीत 'ऑटोफॉरमॅट ॲज यू टाइप'खाली आपोआप बुलेट लावणं आणि टॅब-बॅकस्पेसने इंडेंट बदलणं असे दोन पर्याय असतात. पहिला मी बंद केला. दुसरा चालू ठेवला.

लिबरऑफिस रायटरमध्ये हीच पद्धत चालते, किंबहुना तिथे ती जास्त स्वच्छ आहे. याद्यांच्या स्टाइल परिच्छेदांच्या स्टाइलपासून वेगळ्या दिसतात, एफ११ दाबलं की पट्टीत समोर येतात, आणि परिच्छेदाच्या स्टाइलला यादी जोडता येते. ७.१ या आवृत्तीपासून तिथे स्टाइल इन्स्पेक्टरही आहे, कोणता गुणधर्म कुठून आला ते तो दाखवतो. सवयीच्या शॉर्टकटबद्दल मात्र सावध राहा. रायटरमध्ये कंट्रोल क्यू दाबलं तर प्रोग्राम बंद व्हायला निघतो. तिथे हाताने केलेलं फॉरमॅटिंग काढायचं असेल तर कंट्रोल एम. आणि तेच कंट्रोल एम वर्डमध्ये परिच्छेद आत ढकलतं. दोन्ही वापरणाऱ्यांनी हे लिहून समोर ठेवावं.

गुगल डॉक्समध्ये स्वतःच्या नावाची स्टाइल करून तिला यादीची पातळी जोडण्याची सोय नाही. तिथे मी 'इंडेंटेशन ऑप्शन्स'मध्ये आकडे टाइप करतो, रूलर ओढत नाही. एवढ्यानेही कडा जुळतात.

एक फायदा मला आधी लक्षातच आला नव्हता. आमच्या पुस्तिका वाचणाऱ्यांपैकी एक जण स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, वापरतात. खरी यादी असली की तो आधी सांगतो, इतक्या मुद्द्यांची यादी आहे, आणि यादी संपली तेही कळवतो. ठिपका आणि स्पेस टाइप करून केलेली यादी त्याच्या लेखी नुसते परिच्छेद असतात. जुन्या पुस्तिकांमध्ये त्यांना उपमुद्दा कुठे संपला हे कळायचंच नाही. हे त्यांच्याकडून ऐकलं आणि उरलेल्या जुन्या फाइली दुरुस्त करायचं काम मी पुढे ढकलणं बंद केलं.

अजून न सुटलेला भाग म्हणजे अनेकांनी मिळून केलेली फाइल. मी व्यवस्थित करून पाठवतो, तीन जणांच्या हातून परत येते, आणि मध्ये कुणीतरी रूलर ओढलेला असतो. या सगळ्या स्टाइल एका टेम्पलेटमध्ये, म्हणजे नमुना फाइलमध्ये, ठेवून मी सहकाऱ्यांना दिल्या, दोघांनी त्या वापरायला सुरुवात केली. बाकीच्यांच्या फाइली आल्या की खुणा दाखवायच्या, यादी निवडायची, कंट्रोल क्यू, पुन्हा स्टाइल. साठ पानांच्या फाइलला साधारण चाळीस मिनिटं लागतात. सध्या अशा नऊ जुन्या पुस्तिका उरल्या आहेत, रोज संध्याकाळी त्यातलं एक प्रकरण घेतो.