दहावर थांबावं की अकरावर जावं?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तरी त्यावर चालणारी कितीतरी मशीन अजून ठणठणीत आहेत. त्यांच्या मालकांचा प्रश्न साधा असतो: चालतंय ना, मग हात कशाला लावायचा? प्रश्न रास्त आहे. मी विंडोज १० आणि ११ दोन्ही बराच काळ वापरली आहेत, सध्या अकरावर आहे आणि मागे जायचा विचार नाही. पण अकरा प्रत्येक बाबतीत सरस आहे असं मी म्हणणार नाही. काही कामं दहामध्ये खरंच सरळ होती. गोल कोपरे, मधोमध आलेलं स्टार्ट बटण, नवे आयकॉन यांच्यात शिरत नाही. आठवडाभरात त्यांची सवय होते, आणि बटण सेटिंग्जमधून डावीकडे नेता येतं.

आधी सुरक्षेचं बोलू, कारण ते टाळता येणार नाही. सपोर्ट संपला म्हणून मशीन बंद पडत नाही. पण नव्याने सापडलेल्या त्रुटींसाठी नेहमीचे सिक्युरिटी अपडेट येणं थांबतं. २०१७ चं वॉनाक्राय, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं घातक सॉफ्टवेअर, आठवून पाहा. ज्या त्रुटीतून ते शिरलं तिची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, आणि ते पसरलं मे महिन्यात. ज्यांनी दुरुस्ती बसवली नव्हती ते सापडले. विंडोज एक्सपीचा सपोर्ट तर २०१४ मध्येच संपला होता. त्याच्यासाठी तेव्हा अपवाद म्हणून अपडेट काढलं गेलं. अशा अपवादावर कुणी भिस्त ठेवू नये.

दहावर राहणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांना वाढीव सिक्युरिटी अपडेटची सोय देण्यात आली. तिची जाहीर झालेली मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे, आणि ती घ्यायला मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागतं. विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसला, म्हणजे डिफेंडरला, व्हायरस ओळखण्यासाठी लागणारी माहिती दहावर २०२८ च्या ऑक्टोबरपर्यंत मिळत राहणार आहे, त्यावरून काही जण निर्धास्त होतात. मला ते पटत नाही. राखणदार कितीही जागा असला तरी दाराची तुटलेली कडी तुटलेलीच राहते. शिवाय ब्राउझरही कधीतरी हात सोडतात. विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपला, त्यानंतर क्रोम आणखी तीन वर्षं तिथे चालत राहिलं आणि २०२३ च्या सुरुवातीला १०९ व्या आवृत्तीवर थांबलं. दहाच्या बाबतीत नेमकं असंच होईल असं नाही, पण दिशा तीच असणार.

म्हणजे जायचं तर आहे. कधी, एवढाच प्रश्न उरतो. माझ्यापुरता तो सुरक्षेने सोडवला नाही, स्क्रीनवरच्या खिडक्यांनी सोडवला.

माझं काम लिहिण्याचं आणि मजकूर तपासण्याचं. लॅपटॉपला मोठा मॉनिटर जोडलेला असतो. त्यावर डावीकडे मूळ मजकूर, उजवीकडे माझा मसुदा, आणि लॅपटॉपच्या छोट्या स्क्रीनवर शब्दकोश, मेल, ब्राउझर. ही मांडणी एकदा बसली की डोळे आपोआप योग्य जागी जातात, कुठे काय आहे हे शोधावं लागत नाही. दहामध्ये ती टिकत नसे. मीटिंगसाठी लॅपटॉप उचलायचा म्हणून केबल काढली की मॉनिटरवरच्या सगळ्या खिडक्या छोट्या स्क्रीनवर एकावर एक येऊन पडायच्या. परत येऊन केबल लावली तरी त्या तिथेच. मग एकेक ओढून मोठ्या स्क्रीनवर न्यायची, आकार नीट करायचा, डावी-उजवी लावायची. त्यात माझा मॉनिटर डिस्प्लेपोर्ट या प्रकारच्या केबलवर. असे बरेच मॉनिटर झोपेत गेले किंवा बटणाने बंद केले की आपण जोडलेलेच नाही असं कॉम्प्युटरला भासवतात. त्यामुळे केबलला हात न लावता, नुसता चहा घेऊन आलं तरी सगळा पसारा एका कोपऱ्यात गोळा झालेला असे.

उपाय नव्हते असं नाही. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत डीप स्लीप बंद करून पाहिलं, त्याने थोडा फरक पडला. खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवणारे छोटे प्रोग्रॅमही मिळतात. त्यातला एक बरेच दिवस वापरला. तोही अर्धंच काम करायचा, कारण खिडक्या हलल्यावर तो त्यांच्या मागे धावायचा. ऐकणाऱ्याला हे क्षुल्लक वाटेल. पण ज्या गोष्टीने दिवसातून अनेकदा विचाराची साखळी तुटते तिला मी क्षुल्लक मानत नाही. वाक्य अर्ध्यावर असतं आणि आपण खिडक्या ओढत बसलेलो असतो.

अकरामध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले या वाटेने मल्टिपल डिस्प्लेज उघडलं की यासाठीच टिक करायच्या दोन चौकटी दिसतात. एक आहे मॉनिटरच्या जोडणीनुसार खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवण्याची, दुसरी मॉनिटर निघाला की त्यावरच्या खिडक्या मिनिमाइज करण्याची. दोन्ही मुळातच चालू असतात, मला काही करावं लागलं नाही. केबल काढली की मोठ्या स्क्रीनवरच्या खिडक्या मुकाट खाली टास्कबारमध्ये जातात. लावली की जिथल्या तिथे परत. एखादा जुना प्रोग्रॅम माझ्याकडे अजूनही अधूनमधून जागा विसरतो, म्हणजे शंभर टक्के खात्री देणार नाही. पण मीटिंगहून परत आल्यावर मी आता थेट मसुद्यातल्या अर्धवट वाक्यावर येतो. वेळ लावून मोजलेलं नाही, मोजायची गरजही वाटली नाही. दिवसअखेरीची चिडचिड कमी झाली आहे हे मला आणि माझ्या आसपासच्यांना कळतं.

तुम्ही एकच स्क्रीन वापरत असाल, किंवा टेबलावरच्या कॉम्प्युटरचा मॉनिटर कधी निघतच नसेल, तर या साऱ्याचं वजन तुमच्यासाठी शून्य आहे. मग पारडं बरंच समतोल होतं, आणि दहाच्या बाजूने बोलण्यासारखंही काही आहे.

राइट-क्लिकचा मेनू हे त्यातलं पहिलं. दहामध्ये सगळं एका यादीत असायचं. अकराने छोटा मेनू आणला आणि बाकीचं ‘शो मोअर ऑप्शन्स’च्या मागे ढकललं. कट-कॉपीच्या जागी आधी नुसती चित्रं होती, २४एच२ आवृत्तीपासून त्यांच्याखाली नावं आली. शिफ्ट दाबून राइट-क्लिक केलं की जुना मेनू सरळ उघडतो. माझ्या बोटांना ते आता जमलंय, तरी दहाचं बरं होतं हे मान्य करतो. दुसरं टास्कबारचं. २०२१ मध्ये अकरा आलं तेव्हा तो बाजूला किंवा वर नेण्याची सोय काढून टाकलेली होती. उभा टास्कबार ज्यांच्या अंगवळणी पडलाय त्यांच्यासाठी हा खरा तोटा आहे, त्यांनी आपल्याला मिळणाऱ्या आवृत्तीत काय आहे ते आधी बघून घ्यावं. मात्र २०२१ सालचे आढावे वाचून मत बनवू नका. फाइल ओढून टास्कबारवरच्या प्रोग्रॅमवर टाकणं २०२२ मध्ये परत आलं, खिडक्यांची नावं सुटी दाखवणं २०२३ मध्ये. फाइल एक्सप्लोररला टॅबही मिळाले. ते मला इतके सवयीचे झालेत की दुसऱ्या कुणाच्या दहावर बसलं की हात टॅब उघडायला जातो.

वेगाबद्दल फार लिहीत नाही. एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) आणि ८ जीबी रॅम असेल तर रोजच्या कामात मला फरक जाणवला नाही. कागदोपत्री ४ जीबी चालते; मी स्वतः तेवढ्यावर गेलो नसतो. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर आधी ती बदला, अपग्रेड नंतर. मराठी टायपिंगचीही चिंता नको. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड दोन्हीकडे आहे, आणि २०१९ च्या अपडेटने दहामध्ये आलेला फोनेटिक कीबोर्ड अकरामध्येही आहे.

अकाउंटच्या मुद्द्यावर थोडं थांबायला हवं. अकरा कोरं बसवायला गेलं तर घरगुती वापरासाठी सुरुवातीलाच इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट मागतं. दहावर लोकल, म्हणजे फक्त त्या मशीनपुरतं, अकाउंट असेल आणि तिथूनच अपग्रेड केलं, तर ते अकाउंट, प्रोग्रॅम आणि फाइली तशाच राहतात. ज्यांना ऑनलाइन अकाउंट नको आहे त्यांनी म्हणून अपग्रेडची वाट धरावी. आणि डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झालेली असेल तर ४८ आकड्यांची रिकव्हरी की आधीच दुसरीकडे उतरवून ठेवा. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये, काही बदललं की मशीन ती मागू शकतं, आणि तेव्हा शोधाशोध करायला त्याच मशीनचा उपयोग नसतो.

बायोसचा विषय येतोच, कारण बऱ्याच जणांचं गाडं तिथेच अडतं. अकराला टीपीएम २.० (किल्ल्या जपणारी सुरक्षेची सोय) आणि सिक्युअर बूटची (सुरू होताना फक्त खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देण्याची) क्षमता लागते. प्रोसेसर मान्य यादीतला लागतो, म्हणजे ढोबळमानाने इंटेलची आठवी पिढी किंवा एएमडीची रायझेन २००० मालिका आणि त्यापुढचे. मशीन पात्र आहे का ते सांगणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या पीसी हेल्थ चेकने ‘नाही’ म्हटलं तरी लगेच हार मानू नका. टीपीएम बऱ्याचदा असतो, फक्त बायोसमध्ये बंद असतो. इंटेलच्या मशीनवर तो पीटीटी या नावाने सापडतो, एएमडीवर एफटीपीएम. प्रोसेसरच यादीत नसेल तर मात्र आडवाटेने अकरा बसवावं असं मी सुचवणार नाही. ते बसतंही, पण अशा मशीनला अपडेट मिळण्याची हमी नसते, आणि ज्या कारणासाठी आपण हलतोय तेच मग निसटतं. अशा मशीनसाठी वाढीव अपडेट असेतो दहा चालवावं, नंतर विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स मिंट या मोफत सिस्टिमचा विचार करावा. त्याच्या २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत सपोर्ट आहे, ब्राउझर आणि लिखाणापुरतं ते उत्तम चालतं, मराठी आयबस या कीबोर्डच्या सोयीतून टाइप होतं. फक्त एखादा विंडोजचाच प्रोग्रॅम अडून बसणार नाही ना, ते आधी पाहा. प्रिंटर-स्कॅनरची तपासणी अकरासाठीही करावी. अकरा केवळ ६४-बिटमध्ये येतं, त्यामुळे ज्याचा ड्रायव्हर (यंत्र विंडोजशी जोडणारा प्रोग्रॅम) फक्त ३२-बिट आहे ते यंत्र तिथे चालणार नाही.

मशीन पात्र असेल आणि तुम्ही मॉनिटर काढ-घाल करणाऱ्यांतले असाल, तर माझ्या मते थांबण्यात फार अर्थ नाही. फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि अपग्रेड करा. परत दहावर जाण्याची सोय १० दिवस असते, सेटिंग्जच्या रिकव्हरी पानावर. तेवढ्यात विंडोज डॉट ओल्ड नावाचं मोठं फोल्डर जागा खातंय म्हणून पुसू नका, परतीची वाट त्यातूनच जाते. आणि सुरुवात सुट्टीच्या आदल्या दिवशी करण्यापेक्षा कामाच्या आठवड्यात, फार घाई नसलेल्या दिवशी करा, म्हणजे मॉनिटर, प्रिंटर, ऑफिसचं व्हीपीएन, सगळं त्या १० दिवसांतच वापरून होईल.