आधी प्रथिने, मग भाकरी: स्लीव्ह शस्त्रक्रियेनंतरचे नऊ महिने

जानेवारीच्या अखेरीस माझी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी झाली. या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याएवढी अरुंद नळी शिल्लक ठेवतात. वजन कमी करण्याचा निर्णय झाला तेव्हा मी 118 किलोंची होते, आज 87 आहे. शस्त्रक्रियेची माहिती सगळीकडे मिळते. एवढ्याशा पोटात दिवसाला किमान 60 ग्रॅम प्रथिने कोल्हापुरी स्वयंपाकघरातून कशी बसवायची, हे मात्र मला कोणी सविस्तर सांगितले नव्हते. म्हणून नऊ महिने रोज वापरलेल्या सवयींचा हा अनुभव लिहीत आहे.

पहिली गोष्ट ही की, या सवयी शस्त्रक्रियेच्या आधीच अंगवळणी पडायला हव्यात. आमच्या आहारतज्ज्ञ बाईंनी नोव्हेंबरमध्येच तीन नियम घालून दिले होते. ताटात अंडे, मासा, चिकन, पनीर किंवा घट्ट डाळ जे काही असेल ते आधी संपवायचे, मग भाजी आणि शेवटी भाकरी किंवा भात. जेवताना आणि जेवणानंतर अर्धा तास पाणी प्यायचे नाही. प्रत्येक घास 20 ते 25 वेळा चावायचा. ऐकायला सोपे वाटते, पण आपल्याकडे भाकरी कुस्करून त्यावर रस्सा ओतला की पाच मिनिटांत ताट रिकामे होते आणि चावणे असे फारसे होतच नाही. मी नुसते मटणाचे तुकडे चावत बसलेली पाहून सासूबाई म्हणायच्या, "अगं, पोटाला आधार नको? भाकरी तरी मोड की." त्यांना समजावण्यात दोन आठवडे गेले, पण ते गेले हे बरेच झाले, कारण शस्त्रक्रियेनंतरच्या अशक्तपणात मला कोणाशीही वाद घालण्याचे त्राण नव्हते.

शस्त्रक्रियेआधीचे शेवटचे दोन आठवडे 800 ते 1000 कॅलरींचा, भरपूर प्रथिनांचा आणि अत्यल्प पिष्टमय पदार्थांचा आहार होता. यकृताचा डावा भाग जठरावर आलेला असतो आणि चरबीने सुजलेले यकृत दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत आड येते, ते आकसावे यासाठी हा खटाटोप असतो. पहिले तीन दिवस डोके ठणकले, चौथ्या दिवसापासून भूक आणि डोके दोन्ही शांत झाले. त्या पंधरा दिवसांत चार किलो कमी झाले.

प्रोटीन पावडरच्या बाबतीत मी सुरुवातीलाच फसले. दुकानदाराने "सगळी एकच असतात" म्हणून हातात दिलेल्या डब्यात 100 ग्रॅममागे जेमतेम 20 ग्रॅम प्रथिने होती आणि उरलेल्यात साखरेचा मोठा वाटा होता. डब्याच्या पुढच्या बाजूवरचे मोठे अक्षर सोडून मागचा तक्ता वाचायचा, हे मी तेव्हापासून शिकले. नंतर घेतलेल्या व्हे आयसोलेटमध्ये, म्हणजे दुधाच्या निवळीतून वेगळ्या काढलेल्या प्रथिनांच्या पावडरमध्ये, 100 ग्रॅमला 80 ग्रॅमहून अधिक प्रथिने आहेत आणि दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, नगण्य आहे, त्यामुळे पोट फुगत नाही. ही पावडर उकळत्या दुधात घातली की तिच्या रबरासारख्या गुठळ्या होतात, म्हणून दूध कोमट झाल्यावरच मिसळावी. व्हॅनिलाचा गोडवा तिसऱ्या आठवड्यात नकोसा झाला. बिनचवीची पावडर मात्र ताकात, पातळ वरणात, अगदी टोमॅटोच्या सारातही खपून जाते. पुन्हा घ्यायची झाली तर मी बिनचवीचीच घेईन.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दोन आठवडे फक्त पातळ पदार्थांचे असतात आणि कोल्हापुरात अशा वेळी घरोघरी अळणीचीच आठवण होते. आले, लसूण, हळद, मीठ घालून शिजवलेल्या मटणाचे ते तिखटाविना पाणी बाळंतिणीला देतात, आजाऱ्याला देतात, लहान पोराला देतात. जाऊबाई रोज सकाळी डबा भरून अळणी आणायच्या, आणि आता मला भरपूर प्रथिने मिळत आहेत अशा समजुतीत मी होते. दहाव्या दिवशी माझी रोजच्या प्रथिनांची वही तपासताना आहारतज्ज्ञ बाईंनी अळणीपुढचा आकडा खोडला. मटणातली प्रथिने बहुतांशी मटणातच राहतात; पाण्यात उतरते ते मीठ, चव, थोडी चरबी आणि थोडे जिलेटिन, आणि जिलेटिनमध्ये शरीराला आवश्यक असलेली सगळी अमिनो आम्ले नसतात. पायाच्या सुपाचेही तेच आणि वरणाच्या निवळीचेही तेच. पांढऱ्या रश्श्यात तर नारळाचे दूध, काजू, खसखस म्हणजे मुख्यतः स्निग्धांशच. हे कळल्यावर मला खरोखर वाईट वाटले, कारण त्या डब्यामागची माया खरी होती. तोडगाही त्याच डब्यात सापडला. तिसऱ्या आठवड्यापासून मऊ घट्ट पदार्थांना परवानगी मिळाली, तेव्हा जाऊबाई अळणीतले मऊ शिजलेले बिनहाडाचे तुकडे मिक्सरमध्ये त्याच पाण्याबरोबर गुळगुळीत वाटून आणू लागल्या. चहाच्या चमच्याने चार चमचे संपवायला मला वीस मिनिटे लागायची. ते मिश्रण राखाडी आणि दिसायला अनाकर्षक असे, पण जिभेवर घराची चव असे आणि वहीत खरा आकडा असे.

दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस एका लग्नात गप्पांच्या भरात मी सुक्या मटणाचा तुकडा पुरता न चावता गिळला. छातीच्या मधोमध दगड बसावा तशी कळ आली, तोंडात फेस दाटला आणि अर्धा तास हात धुण्याच्या जागेपाशी उभी राहून मी तो घास वर येण्याची वाट पाहिली. त्यानंतर महिनाभर मटण बंद ठेवले आणि खिमा, उकडलेला मासा, मऊ पनीर यांवर राहिले. कोरडे चिकन आजही मला मटणापेक्षा अधिक त्रास देते. दही लावून मंद आचेवर शिजवले तरच ते उतरते.

सध्याचा दिवस साधारण असा जातो. सकाळी साय काढलेले 200 मिलिलिटर दूध आणि त्यात अर्धा स्कूप (डब्यातला मापाचा चमचा) पावडर, म्हणजे 18 ग्रॅम प्रथिने. पूर्वी मी कट्ट्यावर, जिथे म्हशी गिऱ्हाइकासमोर पिळतात तिथे, धारोष्ण दूध पीत असे. आता दूध उकळून, गार करून साय बाजूला काढते, कारण सायीबरोबर चरबी जाते, प्रथिने दुधातच राहतात. साडेदहाला एका अंड्याचे ऑम्लेट आणि त्यात 25 ग्रॅम पनीर, की 11 ग्रॅम झाले. दुपारी 50 ग्रॅम शिजवलेले चिकन किंवा मासा, त्यानंतर भाजी, आणि जागा उरली तर पाव भाकरी. चारला रात्रभर फडक्यात टांगलेल्या दह्याचा चक्का, बिनसाखरेचा, जिरेपूड लावून. रात्री मुगाचे धिरडे, आत पनीर. एवढ्याने 60 चा आकडा गाठला जातो. पहिले चार महिने मी प्रत्येक गोष्ट स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजत होते. आता फक्त मांस आणि पनीर मोजते, कारण या दोन गोष्टींत माझा अंदाज हमखास जास्तीचा निघतो.

श्रावण कठीण गेला. घरात महिनाभर मांसमच्छी नाही, अंडेही नाही. भिजवलेल्या सोयाबीनच्या वड्या बारीक करून केलेला खिमा आणि पावडरचा पूर्ण स्कूप यांवर तो महिना निभावला. नवरात्रात अंबाबाईचे नऊ दिवस मी वर्षानुवर्षे धरत आले आहे आणि यंदा ते सोडायचे माझ्या मनात नव्हते. डॉक्टरांनी उपाशी राहायला साफ मनाई केली, पण उपवासाचे पदार्थ निवडून खायला हरकत घेतली नाही. साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च असल्याने तो बंद ठेवला आणि दूध, चक्का, घरचे पनीर, राजगिऱ्याची मऊ खीर यांवर नऊ दिवस काढले. दर्शनाच्या रांगेत दोन तास उभी राहू शकले, चक्कर आली नाही.

चौथ्या महिन्यात केस मुठीने गळाले. झपाट्याने वजन उतरले की असे होऊ शकते, हे आधी सांगितलेले होते, तरी फणीकडे पाहून रडू यायचे. रक्ततपासणीत लोह कमी निघाले, गोळी वाढवली, आणि आठव्या महिन्यापासून कपाळाजवळ नवे केस दिसू लागले. ब12 जीवनसत्त्व, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम सायट्रेट यांच्या गोळ्या आयुष्यभराच्या आहेत. प्रथिने कितीही नीट खाल्ली तरी त्या चुकवता येत नाहीत.

रविवारी आमच्याकडे अजूनही मटणच असते. माझ्या वाटीत 50 ग्रॅम तुकडे मोजून येतात, ते संपल्यावर तांबड्या रश्श्याचे दोन चमचे मी चवीपुरते घेते आणि तिथेच थांबते. सासूबाई आता भाकरीचा आग्रह करत नाहीत. माझी वाटी संपली की पाण्याचा तांब्या अर्ध्या तासासाठी त्या स्वतःच उचलून ठेवतात.