शोकेसच्या काचेवरचं विनाइल : दहा महिन्यांनंतर

मागच्या दसऱ्याआधी सलग तीन दुपारी मी शोकेसच्या काचेवरचा गम खरवडत बसले होते. आधीचं स्टिकर दोनच उन्हाळे टिकलं. पहिल्याच मे महिन्यात ते आकसलं, चारी कडांना चिकट पट्टी उघडी पडली आणि तिच्यावर रस्त्याची धूळ बसून काळी चौकट उमटली. काढायला घेतलं तर नखाएवढे तुकडे हातात येत, गम तसाच काचेवर. ब्लेड आणि साबणाचं पाणी, कडेच्या रबराजवळ मात्र खोबरेल तेल, कारण थिनर लागला की रबर फुगतं. लावून घेताना मी दर विचारला, रंग विचारले. पुढे हे निघणार कसं, ते विचारलं नव्हतं.

दुकान बेळगावच्या शहापुरात, साड्या आणि ब्लाउज शिलाई. शोकेस पश्चिमेला. उन्हाळ्यात तीननंतर ऊन सरळ पुढच्या साड्यांवर येतं आणि घडीच्या कडेला रंग उडतो, म्हणून काच मोकळी ठेवणं परवडत नाही. जून लागला की झडीचा पाऊस त्याच काचेवर. ऊन आणि पाऊस दोन्ही झेलणारी काच असेल तर बाहेरून लावायचं की आतून, हे आधी ठरवा. कुठलं विनाइल, म्हणजे स्टिकरचा प्लॅस्टिकचा कागद, ते त्यानंतर.

आकसण्याचं कारण मला यंदा समजलं. स्वस्त विनाइल रुळांमधून दाबून, ओढून पातळ केलेलं असतं. ऊन लागलं की ते मूळ आकाराकडे परतू बघतं. त्यात मोनोमेरिक हा सर्वांत साधा प्रकार. एखाद्या सीझनच्या जाहिरातीला ठीक. पॉलिमेरिक कमी आकसतं. कास्ट विनाइल ओतून, भाजून करतात, त्यात ताण जवळपास नसतो. पण ते गाडीच्या वळणदार पत्र्यासाठी. सपाट काचेला कास्टचे पैसे घालू नका, पॉलिमेरिक पुरतं. मी तेच घेतलं, काढता येणाऱ्या गमचं. दर आधीच्या जवळजवळ दुप्पट पडला. वर लॅमिनेशन केलं. छापल्यावर शाई पूर्ण सुकायला निदान एक दिवस द्यावा लागतो. घाईनं लॅमिनेट केलं तर शाईतला सॉल्व्हंट (उडून जाणारा द्रव) आत कोंडतो आणि कडा वळतात. सणाच्या तोंडावर छापणारे ही घाई करतात, म्हणून ऑर्डर आठवडाभर आधी द्या.

मोठ्या काचेला वन वे व्हिजन लावलं. बारीक भोकांची जाळी, बाहेरून चित्र, आत काळी बाजू. दिवसा आतून रस्ता दिसतो, ऊनही बरंच अडतं. रात्री दिवे लागले की उलटं होतं, बाहेरच्याला आतलं दिसतं. माप घेण्याच्या खोलीला म्हणूनच ते चालत नाही. तिथे फ्रॉस्टेड, म्हणजे दुधी काचेसारखी दिसणारी फिल्म आहे. मला शोकेसचा सगळा भाग गडद मरून रंगात हवा होता. फिटरनं नको म्हटलं. गडद रंगानं काच मधोमध तापते, फ्रेममधली कड गार राहते आणि साध्या काचेला तडा जाऊ शकतो. टफन, म्हणजे तापवून कडक केलेली काच असती तर गोष्ट वेगळी. मग फिकी जमीन आणि फक्त काठ मरून असं केलं, साडीसारखंच दिसतं.

फ्रॉस्टेड लावताना मी पाहिलं, त्यानं पाण्यात चार थेंब शाम्पू टाकून काच भिजवली आणि फिल्म सरकवत जागेवर बसवली. वन वे व्हिजनच्या वेळी मीच फवारा पुढे केला, तर म्हणाला, "नको वैनी, ह्याला कोरडंच लावायचं. भोकात पाणी बसतंय की." वरची कड टेपनं पकडून, मागचा कागद थोडा थोडा सोडत, मधून कडेकडे पट्टी ओढत तो खाली आला. शेवटी रबराजवळ बारीक फट ठेवून कापलं. रबरावर चढलेली कड पहिल्या पावसात सुटते. फ्रॉस्टेडवर दुधी ढग दिसत होते. मी घाबरले, पण पाणी सुकल्यावर आठ-दहा दिवसांत ते गेले.

दारावर नाव कटिंगमध्ये, म्हणजे आपण ज्याला सरसकट रेडियम म्हणतो ते. कर्नाटकात २०२४ पासून पाटीला ६० टक्के कन्नड लागतं, तेही वरच्या अर्ध्या भागात. म्हणून दारावरचीही मांडणी तशी घेतली: वर कन्नड, खाली मराठी. मराठी अक्षरं कापण्याआधी शिरोरेषा वेल्ड केली, म्हणजे सलग जोडली, की नाही ते स्क्रीनवर बघून घ्या. नाही तर प्लॉटर, म्हणजे कापणारं मशीन, प्रत्येक अक्षराच्या सांध्याला कापतो आणि महिन्याभरात तिथून साल निघते. वेल्ड केली की अख्खा शब्द एका तुकड्यात बसतो. सुटा राहतो तो अनुस्वार. आमचा एक टिंब डिसेंबरात पुसता पुसता गेला, नवा मोठा लावून घेतला. कन्नड जोडाक्षरात खाली बसणारी लहान ओत्तक्षरंही दोन बोटांपेक्षा बारीक करू नका.

चूक एकच झाली. दाराशेजारच्या अरुंद काचेवर वन वे व्हिजनचं लॅमिनेशन वाचवलं. जुलैत भोकाभोकांत पाणी साचलं, आतून सगळं धुरकट, आणि उघडीप झाली की मातीचे ठिपके. मोठ्या काचेवर वरून पारदर्शक लॅमिनेशन आहे, तिथे त्रास नाही. दिवाळीच्या ऑफरसाठी आतून स्टॅटिक क्लिंग लावलं होतं, बिनगमचं. मूळ कागदावर परत ठेवून गुढीपाडव्याला पुन्हा वापरलं. लग्नसराईत मात्र धुळीनं पकड सोडली.

परवा दाराच्या तळाची बोटभर रुंद पट्टी मुद्दाम काढून बघितली, तिथे रोज पाय लागतो. हेअर ड्रायरनं कोमट केली आणि काचेला जवळ धरून हळू ओढली. अख्खी निघाली, न फाटता. काचेवर तळवा फिरवला, कुठेच चिकटला नाही.