हार्ड डिस्कची 549 रुपयांची डबी, आठ महिन्यांनी: केबल सोडून सगळं ठीक, आणि केबलबद्दलही आता थोडा नरमलोय

आधी डबीसोबत आलेल्या केबलबद्दल बोलू. 22 सेंटीमीटर. लेकीची पट्टी घेऊन मोजलीय, दोन्हीकडची टोकं धरून. माझी वीत तेवढी भरते. ज्याने कुणी ही केबल ठरवली त्याच्या घरी सीपीयू टेबलावर मॉनिटरला खेटून बसत असावा. आमच्याकडे तो टेबलाखाली, चपलांच्या रॅकशेजारी असतो.

डबी कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कारण या किमतीच्या सगळ्या डब्या आतून जवळजवळ सारख्याच. लॅपटॉपातली अडीच इंची डिस्क, सॅटा जोडणीची, आत सरकवायची, झाकण लावायचं, यूएसबीने कॉम्प्युटरला जोडायचं. जुलैत घेतली, आता मार्च चालू आहे. हौस म्हणून घेतली नव्हती, बाबांचा लॅपटॉप मेला म्हणून घ्यावी लागली.

बाबा नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून रिटायर झाले. तेव्हापासून आमच्या घराण्याचा कुळवृत्तांत लिहितायत. 212 फाइली, प्रत्येकीला क्रमांक, आणि कुठल्या फाइलीत कुठली शाखा याची वेगळी वही. प्रेसमध्ये कोरा कागदसुद्धा मोजून घ्यायचा आणि मोजून द्यायचा, ती सवय हाडात मुरलेली. एवढ्या माणसाला मी विचारलं, "बॅकअप आहे ना?" तर म्हणाले, "आहे की. डी ड्राइव्हवर." डी ड्राइव्ह म्हणजे त्याच डिस्कचा दुसरा कप्पा, हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. त्या कुणीच मध्ये मीही आलो.

लक्षण असं: बटण दाबलं की दिवा लागायचा, पंखा दोन सेकंद फिरायचा आणि सगळं गप्प. सर्व्हिस सेंटरवाल्याने मदरबोर्ड (आतला मुख्य बोर्ड) गेल्याचं सांगितलं, दुरुस्ती 17,800. दहा वर्षं जुन्या लॅपटॉपला! शिवाय एक फॉर्म पुढे केला, दुरुस्तीत डेटा गेल्यास आम्ही जबाबदार नाही, सही करा. डेटा वेगळा काढून हवा असेल तर 4,500 जास्त. मी पेन काढलं होतं. बाबांनी फॉर्म चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, घडी घालून परत दिला आणि मला म्हणाले, "चल." त्याबद्दल त्यांचे आभार. तिथून नाशिकच्या एम.जी. रोडला गेलो, म्हणजे द्वारका चौकाचा सिग्नल पार करून, ज्यांना माहितीय त्यांना माहितीय. तिथल्या दुकानात 6,000 सांगितले आणि "दोन दिवस ठेवून जा." दोन्ही ठिकाणी झाकण कुणी उघडलं नव्हतं. आकडा मात्र तयार होता.

रात्री भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, बोर्ड गेलाय ना? मग फाइलींचा काय संबंध? डिस्क काढा, डबीत घाला, तुमच्या पीसीला लावा." एवढंच. त्या एका वाक्याची किंमत दोन दुकानांत मिळून साडेदहा हजार होती.

काढणं सोपं होतं, फक्त एक स्क्रू मागच्या रबरी पायाखाली लपला होता. तो सापडेपर्यंत मी झाकण उचकटायला बघत होतो. भाच्याने दोन गोष्टी बजावल्या होत्या: आधी चार्जर काढ आणि बॅटरीची वायर बोर्डवरून सोडव, आणि डिस्क वर ओढू नकोस, कनेक्टरपासून आडवी सरकव. डिस्क 7 मिलिमीटर जाडीची निघाली आणि डबी 9.5 मिलिमीटरवाल्यालाही चालणारी, त्यामुळे आत खुळखुळते. सोबत फोमची एक पट्टी येते ती टाकून देऊ नका. मी कचरा समजून टाकली होती, डस्टबिनमधून परत काढली.

आता जोडणी. केबल वीतभर, सीपीयू खाली, म्हणून पुढच्या पोर्टला लावली. डबी हवेत लोंबकळायला लागली, ती एका हाताने धरली. निळा दिवा लागला आणि आतून आवाज आला. टक. टक. टक. विंडोजमध्ये ड्राइव्ह दिसली, गेली, परत दिसली, गेली. बाबा शेजारी खुर्ची घेऊन बसले होते. त्यांनी काही विचारलं नाही आणि मीही त्यांच्याकडे बघितलं नाही. डिस्क गेली, हेच माझ्या डोक्यात.

भाचा म्हणाला, मागच्या पोर्टला लाव. मागे लावायचं तर केबल पुरत नाही! मग सीपीयू बाहेर ओढला, तोंड भिंतीकडे केलं, पाठ आमच्याकडे, आणि डबी त्याच्या डोक्यावर ठेवली. लावली. एक लांब, गुळगुळीत घूं असा आवाज आला आणि दोन्ही कप्पे समोर. टक-टक बिघडलेल्या डिस्कची नव्हतीच, उपाशी डिस्कची होती. अशी डिस्क फिरायला सुरुवात करते तेव्हा क्षणभर बरीच वीज ओढते, एक अँपियरच्या आसपास. यूएसबी 2.0 चा पोर्ट नियमाने 500 मिलीअँपियर देतो, 3.0 चा 900. आमच्या पीसीचे पुढचे पोर्ट जुने 2.0 चे, त्यात आतून बारीक वायरीने आलेले. मागचे थेट मदरबोर्डवरचे. मागच्या चांगल्या पोर्टवरही तशीच टक-टक आली असती तर गोष्ट वेगळी. मग डिस्क खरोखर आजारी आहे असं समजून तिथेच थांबायचं, पुन्हा पुन्हा लावून बघायचं नाही. अशी डिस्क उघडून काम करणाऱ्यांचे पैसे योग्य असतात. आपली तशी नव्हती.

केबलबद्दल मी तेव्हा खरेदीच्या साइटवर दोन तारे देऊन मोकळा झालो होतो. मग दीड मीटरची एक्स्टेन्शन आणली, 120 रुपये, म्हणजे सीपीयू परत सरळ करता येईल. ती मागच्याच पोर्टला लावली आणि बघतो तर परत टक. टक. वायर लांब आणि बारीक झाली की वाटेतच व्होल्टेज पडतं आणि डिस्कला पुरेसे पाच व्होल्ट पोचत नाहीत. म्हणजे वीतभर केबलमागे निव्वळ कंजूसपणा नव्हता. ती केबल ठरवणाऱ्या माणसाला दिलेल्या शिव्यांपैकी निम्म्या मी परत घेतो. निम्म्या अशासाठी की तांबं जाड घालून 40-50 सेंटीमीटर करता आली असती. एक्स्टेन्शन माउसला लावलीय.

पहिल्यांदा बाबांचं यूजर फोल्डर उघडायला गेलो तर विंडोज म्हणालं परवानगी नाही. 'कंटिन्यू' दाबा आणि शांत बसा. हिरवी पट्टी आमच्याकडे पंचवीस मिनिटं सरकत होती. घाबरून केबल ओढू नका. दुसरं, ड्राइव्हमध्ये गडबड आहे, तपासून दुरुस्त करू का, असं विचारलं तर आधी फाइली काढून घ्या, दुरुस्ती मग. आणि फॉर्मॅट करू का असं विचारलं तर नाही, नाही आणि नाहीच. एकूण 146 जीबी होतं. मोठे व्हिडिओ सेकंदाला 90 एमबीच्या पुढे गेले. बारक्या बारक्या फोटोंच्या फोल्डरवर वेग इतका पडला की बाबा म्हणाले, "हाताने उतरवून काढलं असतं." मध्येच लाईट गेली. कुठपर्यंत आलं होतं कळेना. तेव्हा भाच्याने विंडोजमधलीच रोबोकॉपीची आज्ञा लिहून दिली, ती आधी झालेल्या फाइली सोडून पुढच्या घेते. रात्री अकराला सगळ्या फाइली आल्या. बाबांनी वही काढून क्रमांक लावून बघितल्या. 211 भरल्या. क्रमांक 87 त्यांनीच 86 मध्ये मिसळली होती, वहीत तशी नोंद होती.

मग फाइल उघडली आणि आत भेळ. डॉलर, टोपी, उद्गारचिन्हं, इंग्रजी अक्षरांची खिचडी. बाबांचं सगळं टायपिंग श्रीलिपी या जुन्या मराठी सॉफ्टवेअरमधलं, युनिकोडच्या (आज मोबाइलवर मराठी चालतं ती पद्धत) आधीच्या वळणाचं. तिथे 'क' म्हणून साठवलेलं असतं भलतंच अक्षर, आणि फॉन्ट त्याला 'क'चं रूप देतो. फॉन्ट नसेल तर नुसतं भलतं अक्षर उरतं. माझ्या पीसीवर तो फॉन्ट नव्हता. ज्यांच्या घरी जुनी मराठी टाइप केलेली कागदपत्रं आहेत त्यांनी हे वाचाच: फाइली काढल्या म्हणजे काम संपलं नाही, मेलेल्या डिस्कवरच्या विंडोज फोल्डरमधलं फॉन्ट्सचं फोल्डरही उचला. फॉन्ट डिस्कवरच असतो, आपल्याला फक्त डॉक्युमेंट्सच आठवतात. फॉन्ट इथे टाकले, वर्ड बंद करून उघडलं, आणि पहिल्या पानावर आमच्या मूळ गावाचं नाव सरळ मराठीत. नंतर कन्व्हर्टर लावून युनिकोड करून बघितलं, पण जोडाक्षरं आणि रफार जागोजाग उडाले. ते बाबा आता हाताने दुरुस्त करतायत, रोज दोन पानं. हरकत नाही, त्यांना काम हवंच होतं.

इथपर्यंत डबीला पाचपैकी साडेचार दिले असते. डिसेंबरात मत खाली आलं. रिकामी झालेली ती डिस्क या डबीतच बॅकअपला ठेवली होती, दर रविवारी कॉपी. पाचव्या महिन्यात डबीकडचं पोर्ट सैल झालं. जरा धक्का लागला की ड्राइव्ह गायब, दिवा मात्र चालूच, त्यामुळे कळतही नाही. वर्षाची वॉरंटी म्हणून लिहिलं. उत्तर आलं की केबल ही ॲक्सेसरी आहे, वॉरंटीत बसत नाही. मी लिहिलं, केबल नाही, पोर्ट सैल आहे. उत्तर आलं, केबल बदलून बघा. केबल द्या मग. ती वॉरंटीत बसत नाही. असे नऊ ईमेल झाले. शेवटी 160 रुपयांची केबल स्वतः आणली, आणि सांगायला लाज वाटते, प्रश्न सुटला. केबलचंच टोक झिजलं होतं, पोर्ट ठणठणीत. ईमेलवाल्यांना कळवलं नाही.

याच सुमारास भाचीचा लॅपटॉप बंद पडला आणि ती आमच्याकडे आली, "मामा, तुमची ती जादूची डबी द्या." झाकण उघडलं तर आत डिस्कच नाही, च्युइंगगमच्या पट्टीएवढी एक चिप. एम.टू म्हणतात, तिच्यात सॅटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार, आणि या डबीत दोन्ही बसत नाहीत. तिच्यासाठी एनव्हीएमईची वेगळी डबी घ्यावी लागली, जवळपास तिप्पट किमतीची. ती लावल्यावर विंडोजने बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला लावलेल्या कुलपाची, 48 अंकी की मागितली. भाचीने आयुष्यात कधी बिटलॉकर चालू केलं नव्हतं, पण विंडोज 11 च्या बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केलं की ते आपोआप चालू होतं. की त्याच अकाउंटमध्ये साठवलेली असते. ते अकाउंट कुठल्या ईमेलवर काढलं होतं हे आठवायला दोन दिवस लागले. शेवटी कॉलेजच्या जुन्या पत्त्यावर निघालं. तुमचा लॅपटॉप आज चालू आहे ना? मग आजच ती की बघून कागदावर उतरवून ठेवा. आणि काही पातळ लॅपटॉपमध्ये ती चिप बोर्डवरच डकवलेली असते, तिथे कुठलीच डबी कामाची नाही. शेजारचे काका डेस्कटॉपची मोठी साडेतीन इंची डिस्क घेऊन आले होते, तीही नाही. तिला 12 व्होल्ट लागतात, त्यासाठी वेगळ्या ॲडॉप्टरवाली डबी.

निळा दिवा रात्री अख्खी खोली उजळवतो. त्यावर इन्सुलेशन टेप.

संक्रांतीला ताईकडे पुण्याला गेलो. बाबांचं म्हणणं, एक प्रत गावाबाहेर हवी. डबी नेली, तिळगूळ नेला, केबल विसरलो. ही जाड, दोन तोंडं जोडल्यासारख्या टोकाची केबल कुणाच्याच घरी नसते. बाबा माझ्याकडे बघत राहिले. भावजींनी ड्रॉवर उपसला आणि त्यांच्या जुन्या मोबाइलची साधी मायक्रो यूएसबी केबल काढली. ती त्या रुंद पोर्टच्या मोठ्या भागात बसते! मला सहा महिन्यांत हे माहीत नव्हतं. पहिली निव्वळ चार्जिंगची निघाली, दुसरीने ड्राइव्ह दिसली. वेग यूएसबी 2.0 चा, सेकंदाला तिसेक एमबी, पण चाललं. जेवणं होईपर्यंत कुळवृत्तांत पुण्यात पोचला. ती केबल, तुम्ही विचारण्याआधीच सांगतो, एक मीटर होती.

खरेदीच्या साइटवर तारे दोनाचे साडेतीन करायला गेलो, तिथे अर्धा देता येत नाही, म्हणून चार केलेत. केबल आता डबीला रबरबँडने बांधून ठेवलीय. रबरबँड मेथीच्या जुडीचा आहे.